मुलांची ‘ताई’ टिकत का नाही?

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे नऊ वर्षांची एक मुलगी पोटदुखीसाठी येत असे. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) दुखणं बेंबीभोवती, बहुतेक वेळा संध्याकाळी. जंताचं औषध देऊन झालं, लघवीची तपासणी झाली, सोनोग्राफी झाली. सगळे रिपोर्ट नॉर्मल. चौथ्या खेपेला मी तिच्या मावशीला म्हणालो, “शाळा बुडवायला नाटक करत असेल.” हे वाक्य मला आजही बोचतं.

वडील गेल्यानंतर घरी मारहाण होत होती, म्हणून बालकल्याण समितीने त्या मुलीला मावशीकडे ठेवलं होतं. जिल्हा बाल संरक्षण कक्षातल्या एक कार्यकर्त्या तिला भेटायला यायच्या. ती त्यांना ताई म्हणायची. तीन-चार भेटींनंतर ताईंना कारण कळलं. मारहाण संध्याकाळी व्हायची, अंधार पडायला लागला की. दुखणं खरं होतं, फक्त त्याचं मूळ पोटात नव्हतं. ताईंनी मला फोन करून हे सांगितलं. मी गोळ्या थांबवल्या, मावशीला समजावलं आणि दोन महिन्यांत दुखणं निम्म्यावर आलं.

मग त्या ताई गेल्या. कंत्राटाची मुदत संपत आली होती, नूतनीकरणाचं पत्र येत नव्हतं आणि दुसरीकडे बरी नोकरी मिळाली. त्यांच्या जागी आलेल्या दुसऱ्या ताई चार महिन्यांत स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी सोडून गेल्या. तिसऱ्या आल्या तेव्हा मुलगी पुन्हा माझ्याकडे पोट धरून आली होती. नव्या ताईंनी मायेने विचारलं, “काय होतंय बाळा?” मुलगी भिंतीकडे बघत म्हणाली, “मागच्या ताईंना सगळं सांगितलंय. त्यांना विचारा.”

या लेखात मला त्या वाक्याबद्दल बोलायचं आहे. “डॉक्टर, सरकारी नोकरभरतीचा आणि आरोग्याचा काय संबंध?” असं काही वाचक विचारतील. संबंध फार जवळचा आहे.

ही माणसं नेमकी कोण?

अंगणवाडी सेविका आणि आशाताई आपल्याला माहीत असतात. पण संकटात सापडलेल्या मुलांसाठी काम करणारी यंत्रणा बहुतेकांना ठाऊक नसते, म्हणून आधी थोडक्यात सांगतो.

बाल न्याय अधिनियम 2015 नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल सापडलं, तर त्याला 24 तासांच्या आत (प्रवासाचा वेळ सोडून) बालकल्याण समितीसमोर आणावं लागतं. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. मूल घरी राहणार, नातेवाइकांकडे जाणार की बालगृहात, हे समिती ठरवते. पण समिती काही प्रत्येक मुलाच्या घरी जाऊ शकत नाही. घर बघणं, शेजाऱ्यांशी आणि शाळेशी बोलणं, मुलाचा विश्वास मिळवणं आणि सामाजिक तपासणी अहवाल लिहिणं हे काम कार्यकर्ते करतात. कायद्याने ही चौकशी 15 दिवसांत पूर्ण करायला सांगितली आहे, म्हणजे समितीला चार महिन्यांच्या आत अंतिम आदेश देता येतो.

जिल्हा पातळीवर हे काम जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे असतं. तिथे संरक्षण अधिकारी, विधी तथा परिविक्षा अधिकारी, समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ते आणि गावोगाव फिरणारे आउटरीच वर्कर असतात. बहुतेक सगळे कंत्राटी. केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’ योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत सामाजिक कार्यकर्ता आणि समुपदेशक यांचं मासिक मानधन 18,536 रुपये, तर आउटरीच वर्करचं 10,592 रुपये आहे. दुसऱ्या आकड्याला 30 ने भागलं तर दिवसाला साधारण 353 रुपये पडतात.

आता कामाचा आवाका बघा. आपला अहिल्यानगर जिल्हा 17,048 चौरस किलोमीटरचा, गडचिरोली 14,412 चौरस किलोमीटरचा. एवढ्या प्रदेशात एका कक्षाच्या मोजक्या माणसांनी बालविवाह थांबवायचे, पळून आलेल्या मुलांचं घर शोधायचं, पोक्सोच्या केसमधल्या मुलाला आधार द्यायचा, बालसंगोपन योजनेच्या घरांना भेटी द्यायच्या आणि शिवाय कार्यालयात बसून अहवाल भरायचे.

मुलाच्या तब्येतीवर काय होतं?

सतत भीतीत राहणाऱ्या मुलाचं शरीर कायम सावध असतं. ताणाची संप्रेरकं वाढलेली राहतात. त्यातून झोप बिघडते, भूक बिघडते, पोट दुखतं, डोकं दुखतं, अंथरूण ओलं होतं, अभ्यासात लक्ष लागत नाही. असं वर्षानुवर्षं चाललं, तर परिणाम मोठेपणीही दिसतात. 1998 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात प्रौढांना त्यांच्या लहानपणच्या वाईट अनुभवांबद्दल विचारलं होतं. मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातलं व्यसन, आईला होणारी मारहाण असे चार किंवा जास्त प्रकारचे अनुभव ज्यांनी घेतले होते, त्यांच्यात दारूचं व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका असा एकही अनुभव नसलेल्यांच्या तुलनेत 4 ते 12 पट दिसला. अनुभवांचे प्रकार जितके जास्त, तितकं हृदयविकाराचं प्रमाणही जास्त होतं.

यावर औषध काय? गोळी नाही. मुलांचे डॉक्टर आणि मानसतज्ज्ञ एका गोष्टीवर एकमत आहेत: भरवशाचं, पुन्हा पुन्हा भेटणारं एक तरी मोठं माणूस मुलाच्या आयुष्यात असणं. बहुतेक मुलांना ते घरातच मिळतं. ज्यांच्या घरातच घोळ आहे, त्यांच्यासाठी ते माणूस कधी आजी असते, कधी शिक्षक, आणि कधी महिन्यातून दोनदा येणारी ही ताई.

ताई बदलली की मुलाला आपली कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते. जखमेवरची खपली पुन्हा काढण्यासारखंच ते आहे. शिवाय ज्या मुलाने आधीच माणसं गमावली आहेत, ते यातून एक धडा शिकतं: माणसं येतात आणि जातात, जीव लावायचा नाही. एकदा हा धडा पक्का झाला की चौथी ताई कितीही चांगली असली तरी मूल तोंड उघडत नाही.

2005 साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात या प्रश्नाचा अभ्यास झाला. ज्या मुलांची केस एकाच कार्यकर्त्याकडे राहिली, त्यांना कायमचं घर मिळण्याचं प्रमाण कार्यकर्ते बदललेल्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त दिसलं. इथे डॉक्टर म्हणून एक सावधगिरीची सूचना देतो. जी केस मुळातच अवघड असते ती लांबते, आणि लांबलेल्या केसमध्ये माणसं बदलणारच. त्यामुळे सगळा दोष बदलीलाच देता येणार नाही. पण माझ्या ओपीडीत जे दिसलं, त्याच्याशी हा निष्कर्ष जुळतो.

ताप हा आजार नाही

आता माझं मत. कार्यकर्ते टिकत नाहीत म्हटलं की दोन उत्तरं ठरलेली असतात. एक: “मानधन वाढवा.” दुसरं: “आजकालच्या मुलांना सेवाभाव राहिला नाही.” दोन्ही उत्तरं म्हणजे न तपासता दिलेली गोळी आहे.

ताप आला म्हणून कुणी आलं तर मी आधी विचारतो की किती दिवस, थंडी वाजते का, लघवीला जळजळ होते का. ताप हे लक्षण आहे, कारण मलेरिया असू शकतं किंवा टायफॉइडही. नोकरी सोडणं हेसुद्धा लक्षणच आहे. कारण जिल्ह्याजिल्ह्यात वेगळं असू शकतं, आणि ते शोधायला या कामाच्या नोकरीबाजाराचा नीट अभ्यास हवा. हे शब्द जड वाटतात, पण त्यात विचारायचे प्रश्न साधे आहेत.

पहिला प्रश्न, येतं कोण? जाहिरात निघाल्यावर किती अर्ज येतात, त्यातले त्याच जिल्ह्यातले किती, समाजकार्य शिकलेले किती? आपल्याकडे हे शिक्षण नवं नाही. 1936 साली मुंबईत सुरू झालेली, आज टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाणारी संस्था देशातली पहिली. त्यानंतर राज्यात समाजकार्याची अनेक महाविद्यालयं निघाली. तिथून बाहेर पडणारी मुलं-मुली कुठे जातात, हे कुणीतरी मोजलं पाहिजे.

दुसरा प्रश्न, त्यांच्यापुढे दुसरा पर्याय काय? बीएसडब्ल्यू किंवा एमएसडब्ल्यू झालेल्या मुलीला कंपनीच्या सीएसआर विभागात, खासगी शाळेत समुपदेशक म्हणून किंवा मोठ्या हॉस्पिटलमध्ये काय पगार मिळतो? मानधन कमी की जास्त, हे नुसतं आकड्यावरून ठरत नाही. त्याच गावात, तेवढ्याच शिक्षणावर, कमी त्रासाचं दुसरं काम कितीला मिळतं यावरून ठरतं.

तिसरा प्रश्न, जातात कधी आणि का? पहिल्या सहा महिन्यांत जात असतील तर भरती करताना कामाचं खरं स्वरूप सांगितलं जात नाही, असं समजावं. दीड-दोन वर्षांनी जात असतील तर थकवा किंवा कंत्राटाची टांगती तलवार हे कारण असू शकतं. पगार दोन-तीन महिने रखडल्यावर जात असतील तर उपाय आणखी वेगळा.

चौथा प्रश्न, आणि हा सगळ्यात दुर्लक्षित आहे: जे राहिलेत ते का राहिले? डेंग्यूच्या साथीत ज्यांना डेंग्यू झाला नाही त्यांच्या घराकडेही आपण बघतो. इथेही तेच करायला हवं.

असं मोजणं अशक्य नाही. 2003 साली अमेरिकेच्या संसदेसाठी काम करणाऱ्या सरकारी लेखापरीक्षण संस्थेने नेमका हाच विषय घेतला. नोकरी सोडून गेलेल्या बालकल्याण कर्मचाऱ्यांच्या सुमारे 600 मुलाखतींची कागदपत्रं तिने तपासली. तिथेही वर्षाला 30 ते 40 टक्के लोक सोडून जातात आणि सरासरी माणूस दोन वर्षंही टिकत नाही, असा अंदाज त्या अहवालात आहे. कारणांत कमी पगार होताच. पण अंगावर धावून येणारे पालक, एकेका माणसाकडे फार मुलं, कागदपत्रांचं ओझं, तुटपुंजं प्रशिक्षण आणि आधार न देणारे वरिष्ठ ही कारणंही होती. एका कार्यकर्त्याकडे 12 ते 15 मुलं असावीत अशी शिफारस असताना प्रत्यक्षात सरासरी 24 ते 31 होती. अमेरिकेत पगार आपल्यापेक्षा कितीतरी जास्त असूनही हे चित्र. म्हणून म्हणतो, नुसतं मानधन वाढवून भागणार नाही. अर्थात 353 रुपये रोजावर दुसरं काहीही करून भागणार नाही, हेही तितकंच खरं.

काही आक्षेप

“हे सेवेचं काम आहे, पैशाकडे बघून करू नये.” हे वाक्य नर्सबद्दल, आशाताईंबद्दल आणि शिक्षकांबद्दलही मी ऐकलं आहे. बोलणाऱ्याचा स्वतःचा पगार सहसा वेळेवर होत असतो. सेवाभावाने माणूस कामाला येतो हे खरं. पण घरभाडं आणि मुलाची फी सेवाभावाने भरता येत नाही. ज्यांना घरून आधार आहे तेवढीच माणसं अशा कामात टिकतात, आणि गरीब घरातून आलेली, मुलांचं दुःख आतून जाणणारी मुलगी पहिली बाहेर पडते.

“मग बंधपत्र लिहून घ्या.” हा उपाय आम्हा डॉक्टरांना चांगला ठाऊक आहे. अमेरिकेत बालकल्याणात काम करू इच्छिणाऱ्यांचा शिक्षणाचा खर्च देऊन त्या बदल्यात ठरावीक काळ सेवा घेण्याच्या योजना आहेत. कल्पना वाईट नाही. पण ग्रामीण भागातला बंधपत्राचा काळ संपला की किती डॉक्टर त्याच गावात राहतात ते तुम्ही बघताच. बंधपत्र माणसाला आणतं. मुदत संपल्यावर त्याला थांबवण्यासाठी दुसरं काहीतरी लागतं.

“कायम केलं की काम करत नाहीत.” अशी उदाहरणं असतील, नाही म्हणत नाही. पण दर वर्षी नूतनीकरणाची वाट बघणारा माणूस मुलाबरोबर तीन वर्षांचा विचार करेल कसा? समितीच्या सदस्यांना कायद्याने तीन वर्षांपर्यंतची मुदत आहे. मुलाच्या घरी जाणाऱ्या माणसाला तेवढी तरी शाश्वती का नसावी?

तिसऱ्या ताई का राहिल्या?

आता त्या मुलीकडे परत येतो. तिसऱ्या ताईंशी ती पहिले पाच महिने काही बोलली नाही. ताई यायच्या, मावशीबरोबर चहा घ्यायच्या, मुलीच्या वहीतली चित्रं बघायच्या आणि जायच्या. सहाव्या महिन्यात मुलीने स्वतःहून विचारलं, “तुम्ही पण जाणार का?”

ताई गेल्या नाहीत. दोन वर्षांहून जास्त राहिल्या. मी एकदा त्यांना विचारलं की मानधन तेच, फिरणं तेच, मग तुम्ही कशा टिकलात? त्यांनी मोठं काही सांगितलं नाही. म्हणाल्या, “सर, माझं माहेर याच तालुक्यात आहे, त्यामुळे राहण्याचा खर्च नाही. आणि आमचे संरक्षण अधिकारी अवघड घरी मला एकटीला पाठवत नाहीत, स्वतः बरोबर येतात. एकदा एक केस फार जिवाला लागली होती. मी रडले, तर त्यांनी दुसऱ्या दिवशी सुट्टी घ्यायला लावली.”

एका माणसाच्या अनुभवावरून धोरण ठरवू नये, हे मी माझ्या पेशंटना औषधांबद्दल नेहमी सांगतो. पण त्या उत्तरातून कुठे शोधायचं ते कळतं. स्थानिक भरती, बरोबर येणारा वरिष्ठ, आणि दुसऱ्याचं दुःख ऐकून येणाऱ्या थकव्याची दखल. शेवटच्या मुद्द्याला आम्ही वैद्यकात गांभीर्याने घेतो. रोज अत्याचाराच्या कहाण्या ऐकणाऱ्या माणसाला स्वतःला झोप न लागणं, तेच प्रसंग डोळ्यांपुढे येणं, चिडचिड होणं असा त्रास होऊ शकतो. तो मनाचा कमकुवतपणा नव्हे. क्ष-किरण विभागात काम करणाऱ्याला आपण शिशाचा ॲप्रन देतो. या लोकांना आपण काय देतो?

त्यात एक बिनखर्चाचा उपाय मी माझ्यातर्फे जोडतो. ताई जाणारच असतील तर त्यांनी नव्या ताईंना घेऊन मुलाकडे शेवटची भेट द्यावी. “मी आता दुसरीकडे जाते आहे. तू काही चुकलास म्हणून नाही. या नव्या ताई, यांना तुझं सगळं मी सांगितलंय, तुला परत सांगायला लागणार नाही.” एवढी चार वाक्यं. आम्ही पेशंट दुसऱ्या डॉक्टरकडे सोपवताना चिठ्ठी देतो, तसंच हे.

तुम्ही काय करू शकता?

एखादं मूल संकटात आहे असं वाटलं तर 1098 या क्रमांकावर फोन करा. ही मोफत सेवा 1996 साली मुंबईतच सुरू झाली होती. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर पोक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, त्यात मीही आलो.

घडलेली गोष्ट मुलाकडून पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका. पाहुणे आले की “सांग बरं काकांना काय झालं” असं तर मुळीच नको.

तुमच्या नात्यात किंवा शेजारी असं मूल वाढत असेल, तर त्याच्या ताईंना दारातून परत पाठवू नका. पाणी द्या, बसायला सांगा, मुलाशी एकांतात बोलू द्या. त्या तुमच्या घराच्या उणिवा काढायला आलेल्या नसतात.

ग्रामसभेत विचारा की आपल्या गावाची ग्राम बाल संरक्षण समिती शेवटची कधी बसली. आणि जरा जास्त तयारी असेल तर माहितीच्या अधिकारात जिल्हा बाल संरक्षण कक्षाला तीन प्रश्न टाका: मंजूर पदं किती, त्यातली भरलेली किती, आणि गेल्या पाच वर्षांत प्रत्येक पदावरचा माणूस सरासरी किती महिने टिकला? 30 दिवसांत उत्तर मिळायला हवं. रिकाम्या पदांचा आकडा बहुधा तयार असेल. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर “अशी माहिती संकलित केलेली नाही” असं आलं, तरी ते जपून ठेवा आणि आमदारांना दाखवा. जे मोजलंच जात नाही ते सुधारणार कसं?

ती मुलगी आता मोठ्या वर्गात गेली आहे. मध्यंतरी सर्दीसाठी आली होती. पोटाबद्दल मी विचारलं तर हसून म्हणाली, “ते कधीच थांबलं, डॉक्टरकाका.” तिच्या केस पेपरवर जंताचं औषध, अँटासिड, सोनोग्राफी असं बरंच काही लिहिलेलं आहे. ज्याने ती बरी झाली, त्याची नोंद त्या कागदावर कुठेच नाही.